व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



आमच्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. तो वडिलांनी १९६८ साली स्वतःच्या हातांनी जोडला. वडील पोस्टात नोकरीला होते आणि रेडिओ हे त्यांचे रविवारचे वेड होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. आई आता ८५ वर्षांची आहे. दिवेलागणीनंतर ती रोज एक रेकॉर्ड ऐकते, तीही नाट्यगीतांची आणि एकच बाजू. वीस-बावीस मिनिटांचा हा कार्यक्रम आमच्या घरात सहसा चुकत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो चुकला. आवाज आधी फाटू लागला, मग त्यात घरघर आली. मी खोलीतला दिवा मालवून मागून पाहिले, तर एका व्हॉल्व्हच्या काचेतला पत्रा तापलेल्या तव्यासारखा लाल झालेला. मी घाईने बटण बंद केले. माझे निदान तिथल्या तिथे झाले होते : व्हॉल्व्ह गेला, नवा आणायचा.

हे निदान चुकीचे होते, आणि त्या चुकीची मला चांगलीच किंमत मोजावी लागली. आज मी बोलणार आहे ते त्याबद्दलच. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नव्हे, माझी सारी नोकरी बँकेत झाली. पण व्हॉल्व्हचे जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर आजही अनेक घरांत आहेत. परवडणारे व्हॉल्व्ह मिळवायचे कसे, हा प्रश्न त्या घरांत कधी ना कधी येतोच.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंग्लंडात त्याला व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकेत ट्यूब. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत मधोमध एक कॅथोड असतो. हीटरने तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि बाहेरच्या पत्र्याकडे, म्हणजे अ‍ॅनोडकडे, धावतात. वाटेत तारेची एक बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवरचा व्होल्टेज थोडा बदलला की अ‍ॅनोडकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. नळाची चावी बोटाने फिरवावी आणि पाण्याची मोठी धार कमी-जास्त व्हावी, तसे हे आहे. दोन टोकांचा पहिला व्हॉल्व्ह फ्लेमिंग यांनी १९०४ साली केला आणि १९०६ साली ली द फॉरेस्ट यांनी त्यात ग्रिड घातली. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत घरगुती उपकरणांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले.

वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर ज्या आराखड्यावर बांधला आहे, तो ब्रिटनच्या मुलार्ड कंपनीने १९५४ साली हौशी लोकांसाठी प्रसिद्ध केला होता. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट, म्हणून त्याचे नाव ‘फाइव्ह-टेन’. त्यात सुरुवातीला ईएफ ८६, मग ईसीसी ८३, शेवटी स्पीकर चालवणारी ईएल ८४ची जोडी आणि विजेच्या बाजूला एक रेक्टिफायर असतो. वडिलांनी यातले ईएल ८४ आणि ईसीसी ८३ बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे वापरले होते. या सरकारी कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते. ते उत्पादन केव्हाच बंद झाले, पण तो माल आजही जुन्या दुकानांत आणि मेकॅनिकांच्या खणांत सापडतो.

लाल झालेला व्हॉल्व्ह होता ईएल ८४. मी चौकशी सुरू केली. एका विक्रेत्याने सांगितले, ‘‘एक बदलून भागणार नाही, पाचही बदला,’’ आणि अकरा हजारांचा आकडा दिला. पेन्शनीत तो बसणारा नव्हता. मग मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. एका दुकानात नव्या खोक्यातली ईएल ८४ची जोडी २,४०० रुपयांना मिळाली. घरी येऊन बसवली. आईची रेकॉर्ड लागली. आवाज छान होता. आठ दिवसांनी पुन्हा घरघर सुरू झाली आणि पुन्हा एका व्हॉल्व्हचा पत्रा लाल.

मला संताप आला. त्याच तिरीमिरीत मी मुंबई गाठली आणि दुकानदाराला चार लोकांदेखत बोललो. जुना माल नव्या खोक्यात घालून विकता, असेही म्हणालो. तो गृहस्थ शांतपणे एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, तुमचे यंत्र एकदा कुणाला तरी दाखवा.’’

दाखवायला आमच्या पेठेत एकच माणूस उरला होता. वडिलांच्या वेळचे रेडिओ मेकॅनिक. वय ऐंशीच्या पुढे, दुकान कधीच बंद केलेले. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी मला अर्ध्या चड्डीत पाहिलेले असल्याने ते मला अजून ‘अरे’ म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून त्यांनी खालची जाळी काढली आणि मीटर लावला. त्यानंतरच्या तासाभरात मी जे शिकलो, ते आधी शिकलो असतो तर २,४०० रुपये वाचले असते.

ईएल ८४च्या कॅथोडखाली २७० ओहमचा एक रेझिस्टर असतो. व्हॉल्व्हमधून जाणारा सगळा प्रवाह त्यातून जातो. त्या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात ते मोजले आणि २७० ने भागले की प्रवाह कळतो. एका व्हॉल्व्हखाली १०.५ व्होल्ट होते, म्हणजे ३९ मिलिअँपियर, अगदी योग्य. दुसऱ्याखाली १७ व्होल्ट होते, म्हणजे ६३ मिलिअँपियर. व्हॉल्व्हला मिळणारा व्होल्टेज तीनशेच्या आसपास. गुणाकार केला तर अठरा वॉटच्या घरात जातो, आणि ईएल ८४चा पत्रा सोसतो फक्त १२ वॉट. पत्रा लाल का होतो, याचे उत्तर या गुणाकारात होते.

‘‘म्हणजे व्हॉल्व्ह खराब,’’ मी म्हणालो.

‘‘थांब. अदलाबदल कर,’’ काका म्हणाले.

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, व्हॉल्व्ह निवल्यावर आम्ही दोन्हींच्या जागा बदलल्या. पुन्हा मोजले. दोष व्हॉल्व्हचा असता, तर मोठा आकडा त्याच्याबरोबर दुसऱ्या जागी गेला असता. तो गेला नाही. १७ व्होल्ट पूर्वीच्याच जागी राहिले. म्हणजे दोष जागेचा होता, व्हॉल्व्हचा नव्हे. काकांनी त्या जागेची ग्रिड मोजली. तिथे शून्य हवे होते, प्रत्यक्षात काही व्होल्ट धन निघाले. ईसीसी ८३कडून ईएल ८४कडे आवाज नेणारा एक कंडेन्सर मध्ये असतो. त्याने आवाज पलीकडे जाऊ द्यायचा आणि मागचा शेकडो व्होल्टचा दाब अडवून धरायचा. वडिलांनी लावलेला तो कागदी कंडेन्सर पन्नासहून अधिक पावसाळे पाहून झिरपू लागला होता. त्यातून थोडासा व्होल्टेज ग्रिडवर येत होता आणि नळाची चावी कायमची जास्त उघडी राहत होती. त्या जागी कोणताही व्हॉल्व्ह घाला, तो लाल होणारच.

तो कंडेन्सर ४० रुपयांना मिळतो. मी तो न बदलता त्या जागी नवा व्हॉल्व्ह घातला, आणि माझ्या हातानेच तो मारला. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता.

काकांनी चार कागदी कंडेन्सर बदलले. मग आणखी एक गोष्ट पाहिली. आमच्या ट्रान्सफॉर्मरला २२० आणि २४० व्होल्टच्या वेगळ्या तारा आहेत. वडिलांनी जोडणी २२०ला केली होती, आणि आज आमच्याकडे संध्याकाळी २४० व्होल्ट येतात. त्यामुळे हीटरला ६.३ व्होल्टऐवजी ६.९ व्होल्ट मिळत होते आणि बाकीचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढलेले होते. तार २४०च्या जागी लावली. त्याला खर्च काही नाही, पण पाचही व्हॉल्व्हचे आयुष्य त्याने वाढते.

आता प्रश्न उरला खऱ्या गरजेचा. विक्रेत्याने पाच व्हॉल्व्ह सांगितले होते. प्रत्यक्षात ईएफ ८६ आणि ईसीसी ८३ ठणठणीत निघाले. त्यांच्यातून अगदी थोडा प्रवाह जातो, त्यामुळे ते दहा दहा हजार तासही टिकतात. खरी झीज होते ती स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हची. त्यांचे आयुष्य काही हजार तासांचे असते. तीन हजार तास धरले आणि रोज दोन तास ऐकले, तर चार वर्षे. आमच्या आईसारखे रोज अर्धा तास ऐकले, तर सोळा वर्षे. आम्हाला हवा होता एक ईएल ८४, मी मारलेल्याच्या जागी.

तो स्वस्तात मिळवायचा तर व्हॉल्व्हचा नंबर वाचता आला पाहिजे. युरोपीय नंबर ही एक सोपी भाषा आहे. पहिले अक्षर हीटरचे : ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरे आतल्या रचनेची : ‘सी’ म्हणजे ट्रायोड, ‘सीसी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, ‘एल’ म्हणजे स्पीकर चालवणारा पेंटोड, ‘झेड’ म्हणजे रेक्टिफायर. आकड्यातला आठ सांगतो की खाली नऊ पिना आहेत. ही भाषा कळली की फसगत टळते. यूएल ८४ आणि पीएल ८४ ही नावे ईएल ८४सारखी दिसतात, पण त्यांचे हीटर वेगळ्या व्होल्टेजचे असतात. ते स्वस्त मिळाले तरी आपल्या उपयोगाचे नाहीत. ईसीसी ८२ हा ईसीसी ८३च्या जागी अगदी बेमालूम बसतो, पण ८३ची वाढवण्याची क्षमता शंभर पट, तर ८२ची वीस पटींहूनही कमी. आवाज एकदम खाली जातो आणि माणूस वाटेल तिथे दोष शोधत बसतो.

एकाच व्हॉल्व्हला अनेक नावे असतात, आणि बचत नेमकी तिथे होते. ईएल ८४ला अमेरिकेत ६ बीक्यू ५ म्हणतात, ईसीसी ८३ला १२ एएक्स ७. सोव्हिएत रशियात ईएल ८४चा जुळा भाऊ होता ६ पी १४ पी. रशियन लिपीतले ‘प’ हे अक्षर दाराच्या चौकटीसारखे असते, त्यामुळे आपले काही दुकानदार त्याला ‘सिक्स एन फोर्टीन एन’ म्हणतात. चिनी व्हॉल्व्हवर ६ पी १४ असे असते. नामांकित ब्रिटिश किंवा जर्मन नावाच्या व्हॉल्व्हची किंमत त्या नावामुळे अनेक पट असते. ६ पी १४ पी किंवा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल ८४ तेच काम करतो. मात्र इथेही डोळे उघडे हवेत. रशियन ६ एन २ पी हा ईसीसी ८३चा पर्याय म्हणून दाखवला जातो. त्याचे ट्रायोड जवळपास तसेच आहेत, पण हीटरची जोडणी वेगळ्या पिनांवर आहे. सॉकेटच्या तारा बदलल्याशिवाय तो पेटतच नाही.

व्हॉल्व्ह आजही नवे बनतात, हे अनेकांना माहीत नसते. स्लोव्हाकियात चाट्सा गावी, रशियात सारातोव्ह येथे आणि चीनमध्ये त्यांचे कारखाने आहेत. ते चालतात मुख्यतः गिटारवाल्यांमुळे, कारण गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह अजून वापरले जातात. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियातून व्हॉल्व्हची निर्यात अडली, तेव्हा जगभर किमती चढल्या. नवे व्हॉल्व्ह उत्तम असतात. पण एक-दोन नग बाहेरून मागवले, तर टपाल आणि सीमाशुल्क मिळून किंमत फुगते. चार-पाच जणांनी मिळून मागवले तर परवडते.

जुना माल शोधायला आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार आहे. पुण्यात तपकीर गल्ली आहे, आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार. पण त्याहून चांगली जागा म्हणजे बंद पडलेली रेडिओ दुरुस्तीची दुकाने. तिथल्या खणांत वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह पडलेले असतात आणि मुलांना ते भंगार वाटते. जुने मोठे रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून बाद झालेली उपकरणे यांतही आपल्या कामाचे व्हॉल्व्ह सापडतात.

विकत घेताना काय पाहायचे? काचेच्या आत, बहुधा टोकाला, चांदीसारखा चकचकीत डाग असतो. आत उरलेली हवा शोषून घेण्यासाठी तो असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, फुकट मिळाला तरी घेऊ नका. पिना वाकड्या असतील तर काच तडकण्याची भीती असते. काचेवरच्या छापील नावावर मात्र भिस्त ठेवू नका. अस्सल जुन्या व्हॉल्व्हचे नाव बोटाने पुसले जाते, आणि कोणत्याही व्हॉल्व्हवर कोणतेही नाव छापता येते. खोके तर कुणीही बदलू शकतो. विश्वास ठेवायचा तो मीटरवर.

जोडीचे म्हणाल, तर दोन्ही ईएल ८४मधून साधारण सारखा प्रवाह गेला पाहिजे. बाजारात मोजून जुळवलेल्या जोडीला जादा पैसे पडतात. काकांनी वेगळा मार्ग सांगितला : ‘‘सुटे चार घे. घरी आण. एकेक बसवून आकडा लिही. जोडी आपोआप निघते.’’

मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो, त्याच दुकानात. जाणे भाग होते, कारण मला माफी मागायची होती. कंडेन्सरची हकीकत सांगितली. तो दुकानदार हसला नाही, की ‘मी सांगितले होते’ असेही म्हणाला नाही. त्याने खालचा एक खण ओढून दिला आणि म्हणाला, ‘‘बिनखोक्याचे आहेत, चालतील का?’’ त्यातून मी चार ईएल ८४ निवडले, २५० रुपयांना एक. दोन भारत इलेक्ट्रॉनिक्सचे होते, दोन रशियन.

घरी एकेक बसवून मोजले. आकडे आले १०.१, ९.८, ७.२ आणि चौथ्याचा जेमतेम ४. चौथा संपलेलाच होता. तिसरा थकलेला, तो अडीअडचणीला ठेवला. पहिल्या दोघांची जोडी जुळली. एकूण खर्च : व्हॉल्व्हचे १,००० रुपये, कंडेन्सरचे १६० आणि काकांनी नको नको म्हणत घेतलेले ५००. म्हणजे १,६६० रुपये. त्यात माझे आधीचे २,४०० मिळवायला हवेत, ते माझ्या घाईचे.

एक सूचना मात्र गांभीर्याने. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो. तो जीव घेऊ शकतो. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तो बराच वेळ साठून राहतो. मी सांगितलेली मोजमापे जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. स्वतः करायची फक्त सुरक्षित कामे : पिना स्वच्छ करणे, चांदीचा डाग पाहणे, यंत्र बंद करून, वायर काढून आणि व्हॉल्व्ह निवल्यावर त्यांची अदलाबदल करून ऐकणे. स्पीकर जोडल्याशिवाय असा अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो पुन्हा मिळणे व्हॉल्व्हपेक्षा कठीण. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी डायोड लावून पैसे वाचवण्याचा सल्लाही ऐकू नका. त्याने व्होल्टेज चढतो आणि बाकीच्यांवर भार येतो.

सांगायचे एवढेच की, सर्वांत स्वस्त व्हॉल्व्ह म्हणजे विकत घ्यावा न लागणारा व्हॉल्व्ह. यंत्र बिघडले की आपण दिसणाऱ्या, पेटणाऱ्या वस्तूला दोष देतो. दोष बहुतेक वेळा खाली, अंधारात, एखाद्या ४० रुपयांच्या वस्तूत असतो. आधी मोजा, मग अदलाबदल करा, मग नंबर वाचा, आणि शेवटी खिशात हात घाला.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडेच थांबले. जोडी बसवल्यावर त्यांनी दिवा मालवून दोन्ही पत्र्यांकडे पाच मिनिटे पाहिले. हीटरचा मंद केशरी उजेड होता, पत्रे काळेच होते. मी रेकॉर्ड लावली. आई खुर्ची थोडी पुढे ओढून बसली. बाजू संपल्यावर तिने काकांना विचारले, ‘‘यांनी लावलेले काय काय राहिले आहे आत?’’

काका म्हणाले, ‘‘वहिनी, चार कंडेन्सर आणि दोन व्हॉल्व्ह सोडले तर सगळे त्यांचेच आहे.’’

आईने मला रेकॉर्ड उलटायला सांगितली. त्या दिवशी तिने दुसरी बाजूही ऐकली.